ॲब्सिंथ: हिरव्या दारूवरचा खटला

११ ऑगस्ट १९०१, रविवार. फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून पोंतार्लिए नावाचं गाव आहे. तिथल्या 'पेर्नो फिस' या दारूच्या कारखान्यावर वीज पडली आणि आग लागली. आत ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेल्या दारूच्या टाक्या भरलेल्या होत्या. आग तिथवर पोचली असती तर कारखान्याबरोबर शेजारची वस्तीही गेली असती. एका कामगाराने प्रसंगावधान राखलं, टाक्या उघडल्या आणि सगळा माल शेजारच्या दू नदीत सोडून दिला. दोनेक दिवसांनी तिथून बऱ्याच अंतरावर, जिथे लू नावाची दुसरीच नदी डोंगराच्या कपारीतून बाहेर पडते, तिथल्या पाण्याला बडीशेपेसारखा वास यायला लागला. दू नदीचं पाणी चुनखडीच्या डोंगराच्या पोटातून झिरपत लू नदीला मिळतं, हे त्या दिवशी नाकाने कळलं. पुढे १९१० मध्ये एदुआर मार्तेल या गुहा-संशोधकाने नदीत रंग सोडून ते रीतसर सिद्ध केलं.

भूगोलाच्या ज्ञानात अशी भर घालणारी ही दारू म्हणजे ॲब्सिंथ. आगीनंतर चौदा वर्षांच्या आत फ्रान्सने तिच्यावर कायद्याने बंदी घातली. शेजारच्या स्वित्झर्लंडने तर त्याआधीच थेट राज्यघटनेत कलम घालून तिला हद्दपार केलं होतं. कारण काय, तर ही दारू माणसाला वेडं करते, भास घडवते, खून करायला लावते. हा समज इतका घट्ट बसला की आजही ॲब्सिंथचं नाव निघालं की कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतो, "ती प्यायल्यावर हिरवी परी दिसते म्हणे."

परी दिसत नाही. पण हा समज कुठून आला, त्यात खरं किती आणि दुसऱ्यांचे हितसंबंध किती, हे समजून घ्यायचं तर आधी ही दारू बनते कशी ते पाहावं लागेल.

बाटलीत असतं काय

ॲब्सिंथचा पाया तीन वनस्पतींवर उभा आहे. पहिली, जिच्यावरून नाव पडलं ती, आर्टेमिसिया ॲब्सिंथियम. चंदेरी-राखाडी पानांचं, वासाला उग्र आणि चवीला कडूजहर असं हे झुडूप युरोपात माळावर, रस्त्याकडेला कुठेही उगवतं. याचा एक भाऊबंद आपल्या चांगल्या ओळखीचा आहे: दवणा. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर वाहतात तो दवणा आर्टेमिसिया याच कुळीचा, फक्त जात वेगळी. दवण्याची जुडी हातात चुरगळून वास घेतला असेल, तर या कुळीचा स्वभाव तुम्हाला निम्मा कळलाच. दुसरी वनस्पती बडीशेप. तिसरी ॲनिस, जी बडीशेपेची चुलत बहीण. दाणा बारीक, वास तसाच पण जास्त गोड. ॲब्सिंथचा पहिला घोट घेतल्यावर जो वास डोक्यात जातो तो या दोघींचा. जेवणानंतर बडीशेप खाणाऱ्या आपल्या लोकांना ती चव अजिबात परकी वाटत नाही, उलट दारूत ही कशी आली याचंच नवल वाटतं.

१८५५ ची पोंतार्लिएची एक कृती छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ती सरळ स्वयंपाकाच्या कृतीसारखी वाचता येते. वाळवलेलं आर्टेमिसिया अडीच किलो, ॲनिस ५ किलो, बडीशेप ५ किलो. हे सगळं ८५ टक्क्यांच्या ९५ लिटर अल्कोहोलमध्ये निदान बारा तास भिजत घालायचं. मग त्यात ४५ लिटर पाणी ओतून मंद आचेवर उकळायचं आणि वाफ थंड करून ९५ लिटर अर्क काढायचा.

हे वरचं पाणी कशासाठी, असा प्रश्न पडला तर तो रास्त आहे. आधीच भिजवलेलं आहे, पुन्हा पाणी कशाला? एक तर भांड्यात पाणी असलं की शेवटी चोथा कोरडा पडून तळाशी लागत नाही. जळका वास एकदा अर्कात उतरला की तो काही निघत नाही. दुसरं, पाण्याच्या वाफेबरोबर वनस्पतींमधली सुगंधी तेलं चांगली वर येतात. आणि कृतीतली खरी खुबी यापुढे आहे. आर्टेमिसियात ॲब्सिंथिन नावाचं द्रव्य असतं. निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत कडू पदार्थांमध्ये त्याची गणना होते. हे द्रव्य जड आहे, वाफेबरोबर उडत नाही. त्यामुळे सुगंध वर जातो आणि कडूपणा भांड्याच्या तळाशीच राहतो. इंटरनेटवरच्या कृती वाचून हे झुडूप नुसतं वोडकात भिजत घालणाऱ्या हौशी मंडळींचं हसं होतं ते इथेच. त्यांच्या हाती लागतं ते ॲब्सिंथ नसतं, काढा असतो. तोही प्यायला कठीण.

भट्टीतून उतरलेला अर्क पाण्यासारखा स्वच्छ असतो. मग हिरवा रंग येतो कुठून? त्याच कृतीत पुढे लिहिलंय: निघालेल्या अर्कातला ४० लिटर बाजूला काढा, त्यात छोट्या जातीचं आर्टेमिसिया १ किलो, हिसॉप १ किलो आणि लेमन बाम अर्धा किलो (ही दोन्ही झाडं आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळातली) बारीक करून घाला, हलकं गरम करा, गाळा आणि उरलेल्या अर्कात परत मिसळा. पानांमधलं हरितद्रव्य अल्कोहोलमध्ये उतरतं आणि दारू हिरवी होते. शेवटी थोडं पाणी घालून साधारण १०० लिटर ॲब्सिंथ तयार, ७४ टक्के अल्कोहोलचं.

एवढं कडक ठेवायचं कारण लोकांना लवकर चढावी हे नव्हतं. हरितद्रव्य आणि सुगंधी तेलं दोन्ही विरघळलेली राहायची तर अल्कोहोल जास्तच लागतं. पाणी वाढवलं की तेलं बाहेर यायला लागतात. म्हणून ही दारू बाटलीत कडक आणि पेल्यात सौम्य अशीच योजलेली आहे. ती पाणी न घालता कुणी पीत नाही, निदान पिऊ नये.

पाणी घातल्यावर पांढरं का होतं

पेल्यात थोडं ॲब्सिंथ घ्यायचं. पेल्याच्या काठावर जाळीदार चपटा चमचा आडवा ठेवायचा, त्यावर साखरेचा खडा. वरून बर्फाचं पाणी थेंब थेंब सोडायचं, दारूच्या तिप्पट ते पाचपट. पाणी पडायला लागलं की तळाशी आधी धुरासारख्या रेषा फिरतात, मग बघता बघता सगळा पेला दुधाळ, हिरवट-पांढरा होतो. पॅरिसच्या कॅफेंमध्ये यासाठी टेबलावर चार-सहा तोट्यांची काचेची कारंजी असत. प्रत्येकाने आपली तोटी आपल्या पेल्यावर लावून निवांत बसायचं.

यात जादू काही नाही. ॲनिस आणि बडीशेपेच्या तेलात ॲनेथॉल नावाचा घटक असतो. तो अल्कोहोलमध्ये छान विरघळतो, पाण्यात मात्र विरघळत नाही. पाणी वाढलं की त्याला विरघळून राहता येत नाही, आणि तो अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात वेगळा होतो. हे थेंब इतके बारीक असतात की ते तळाशी बसत नाहीत की वर तरंगत नाहीत. प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. आंघोळीच्या पाण्यात डेटॉल टाकल्यावर पाणी दुधाळ होतं, तो जवळपास हाच प्रकार. ग्रीसची ऊझो, तुर्कस्तानची राकी, लेबनॉनची अरक या सगळ्या दारू याच कारणाने पांढऱ्या होतात.

साखरेच्या खड्याला आग लावून तो पेल्यात सोडायचा प्रकार सिनेमात आणि पबमध्ये दिसतो. त्याचा परंपरेशी काही संबंध नाही. १९९० च्या दशकात चेक प्रजासत्ताकातल्या मालाबरोबर ही टूम निघाली. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ॲनिस नावालाच असल्याने पाणी घालून पांढरं काही होत नसे. गिऱ्हाइकाला काहीतरी तमाशा दाखवायला हवा, म्हणून आग. ७० टक्के अल्कोहोलजवळ काडी ओढणं ही तशीही शहाणपणाची गोष्ट नाही.

गावठी औषधापासून पॅरिसच्या कॅफेपर्यंत

जन्मगाव स्वित्झर्लंडमधलं. नशातेल प्रांतात व्हाल-द-त्राव्हेर नावाचं एक अरुंद खोरं आहे, त्यातलं कुवे हे गाव. काळ अठराव्या शतकाच्या शेवटाचा. एक कथा सांगते की पिएर ओर्दिनेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे सर्वरोगहारी औषध म्हणून तयार केलं आणि घोड्यावरून हिंडत विकलं. दुसरी कथा सांगते की गावातल्या हेन्रिओ घराण्यातल्या बायका तो अर्क आधीपासून काढत होत्या, डॉक्टरने फक्त त्याचा बोलबाला केला. मला दुसरी जास्त पटते. पोटदुखीवर, जंतांवर हे झुडूप युरोपात शतकानुशतकं वापरात होतं, आणि घरगुती औषधाचा बटवा जगभर बायकांच्याच हाती असतो. नाव तेवढं पुरुषाचं लागतं.

१७९७ मध्ये मेजर द्युबिए यांनी ती कृती विकत घेतली आणि मुलगा व जावई यांना हाताशी धरून कुवेमध्ये भट्टी टाकली. जावयाचं नाव आन्री-लुई पेर्नो. माल फ्रान्समध्ये खपायचा पण सीमेवर जकात बसायची, म्हणून १८०५ मध्ये जावईबापूंनी सरळ सीमा ओलांडून पोंतार्लिएमध्ये स्वतःचा कारखाना काढला. वीज पडली तो हाच.

धंद्याला पहिला मोठा हात दिला फ्रेंच सैन्याने. १८३० नंतर फ्रान्स अल्जीरिया जिंकत होता. तिथे सैनिक लढाईपेक्षा ताप आणि हगवणीने जास्त हैराण. पाणी बाधू नये, ताप येऊ नये म्हणून १८४० च्या दशकात त्यांना ॲब्सिंथचा रतीब सुरू झाला. तापावर त्याचा कितपत उपयोग झाला असेल याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. (याच कुळीतल्या आर्टेमिसिया ॲन्युआपासून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधल्याबद्दल चीनच्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण ते झाड वेगळं, त्यामुळे सैनिकांच्या पेल्याला ते श्रेय देता येत नाही.) सैनिक मायदेशी परतले ते ही चव घेऊनच. कॅफेत बसून लढवय्ये जे पितात ते मध्यमवर्गाला हवंसं वाटू लागलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पॅरिसमध्ये 'हिरवी वेळ' सुरू व्हायची. चित्रकार, कवी, कारकून, सगळे त्यात आले.

इथवर ही बऱ्यापैकी महाग दारू होती. चांगले कारखानदार द्राक्षाच्या वाइनपासून काढलेलं अल्कोहोल वापरत. मग १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा मुळापासून खायला सुरुवात केली. पुढच्या वीस-तीस वर्षांत बागाच्या बागा उजाड झाल्या. वाइन दुर्मीळ झाली, महाग झाली. ॲब्सिंथवाल्यांनी मात्र द्राक्षं सोडून बीट आणि धान्याचं स्वस्त कारखानी अल्कोहोल धरलं. रोज वाइन पिणाऱ्या मजुराला आता वाइनपेक्षा ॲब्सिंथ परवडायला लागलं, आणि तेही तिप्पट-चौपट, क्वचित पाचपट कडक. १९१० पर्यंत फ्रान्समध्ये वर्षाला ३.६ कोटी लिटर ॲब्सिंथ प्यायलं जात होतं. एकट्या पोंतार्लिएमध्ये वीसहून जास्त भट्ट्या होत्या.

मागणी एवढी वाढल्यावर भेसळ आलीच. चांगला माल म्हणजे दोनदा भिजवणं, भट्टी, गाळणं, आठवड्यांची मेहनत. वाईट माल म्हणजे स्वस्त अल्कोहोलमध्ये बाजारातलं तयार तेल ढवळायचं, झालं. हिरव्या रंगासाठी पानांऐवजी मोरचूद, म्हणजे द्राक्षबागांवर फवारतात तेच कॉपर सल्फेट. पाणी घातल्यावर पांढरं व्हावं म्हणून अँटिमनीचं विषारी क्षार. गरिबाच्या पेल्यात हे येत होतं. 'ॲब्सिंथने माणसं खंगतात' हे डॉक्टरांचं निरीक्षण चुकीचं नव्हतंच. ती खंगत होती. प्रश्न एवढाच की कशाने.

आरोपपत्र

पॅरिसच्या सेंत-आन वेड्यांच्या रुग्णालयात व्हालाँताँ मान्याँ नावाचे प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ होते. दारूमुळे फ्रेंच वंशाचा ऱ्हास होतोय या विचाराने त्यांना पछाडलं होतं. १८६० च्या दशकात त्यांनी प्रयोग केला. गिनीपिगना काचेच्या भांड्याखाली कोंडलं. एकाजवळ ठेवली अल्कोहोलची बशी, दुसऱ्याजवळ आर्टेमिसियाच्या तेलाची. अल्कोहोलवाला झिंगला. तेलवाल्याला अपस्माराचे झटके आले. मान्याँ यांनी निष्कर्ष काढला की ॲब्सिंथ पिणाऱ्यांचा आजार साध्या दारुड्यांपेक्षा वेगळा आहे, आणि त्याला स्वतंत्र नाव दिलं: 'ॲब्सिंथिझम'.

प्रयोगातली मेख लक्षात आली? ते शुद्ध तेल होतं. दारूच्या अख्ख्या बाटलीत या तेलाचे जेमतेम अंश असतात. तेव्हाही काहींनी हा आक्षेप घेतला होता, पण 'वेड लावणारी हिरवी दारू' ही बातमी म्हणून जास्त चालणारी होती.

मग २८ ऑगस्ट १९०५. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातल्या कोम्युन्यी गावात झाँ लाँफ्रे या शेतमजुराने आपल्या गरोदर बायकोला आणि दोन लहान मुलींना गोळ्या घालून ठार मारलं. त्याने त्या दिवशी सकाळी ॲब्सिंथचे दोन पेले घेतले होते. त्याशिवाय घेतलं होतं ते असं: पुदिन्याची लिकर, कोन्याक, जेवताना सहा पेले वाइन, निघण्यापूर्वी आणखी एक पेला, ब्रँडी घातलेली कॉफी, आणि घरी आल्यावर आणखी लिटरभर वाइन. हा माणूस एरवीही दिवसाला पाच लिटरपर्यंत वाइन रिचवायचा. कोर्टात मानसोपचारतज्ज्ञाने साक्ष दिली की हा 'ॲब्सिंथच्या वेडाचा' ठळक नमुना आहे. वाइनबद्दल फारसं कुणी बोललं नाही. लाँफ्रेला ३० वर्षांची शिक्षा झाली आणि तीन दिवसांनी त्याने कोठडीत गळफास घेतला.

इकडे ८२ हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. व्हो प्रांताने लगेच बंदी घातली, ५ जुलै १९०८ ला देशभर सार्वमत झालं, ६३ टक्क्यांहून जास्त मतं बंदीच्या बाजूने पडली आणि ७ ऑक्टोबर १९१० पासून ती लागू झाली. बेल्जियम, नेदरलँड्स, १९१२ मध्ये अमेरिका असे देश त्याच सुमाराला त्याच वाटेने गेले.

फ्रान्समधली भानगड जास्त बघण्यासारखी आहे. तिथे दारूविरोधी चळवळीला साथ मिळाली ती वाइन बनवणाऱ्यांची. शतक पालटेपर्यंत बागा पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, उत्पादन भरमसाट झालं होतं, भाव कोसळले होते. १९०७ मध्ये दक्षिणेकडच्या द्राक्ष शेतकऱ्यांनी तर उघड बंड केलं. पण मधल्या काळात गिऱ्हाईक हिरव्या पेल्याकडे गेलं होतं. ते परत कसं आणायचं? 'सारे वाइनच्या बाजूने, ॲब्सिंथच्या विरोधात' अशी घोषणाच त्या वर्षी पॅरिसमध्ये दुमदुमली. वाइन आरोग्यदायी पेय आहे असं खुद्द लुई पाश्चर यांनी लिहून ठेवलेलं, त्यामुळे वाइनला दारू म्हणायलाच फ्रान्स तयार नव्हता. दारूविरोधी सभेत वाइनचे पेले उंचावले जाताहेत, हे दृश्य आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण तेव्हा त्यात कुणाला विसंगती दिसली नाही. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मनांसमोर आपले जवान कमकुवत पडतील या भीतीने ऑगस्ट १९१४ मध्ये विक्री थांबवली गेली आणि १६ मार्च १९१५ च्या कायद्याने ॲब्सिंथ बनवणं, विकणं दोन्ही बंद झालं. सैनिकांना वाइनचा शिधा मात्र खंदकांत पोचत राहिला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणावंसं वाटतं. पण जपून. ॲब्सिंथ काही संन्यासी नव्हतं. लोक रिकाम्या पोटी दिवसाला सहा-सहा, आठ-आठ पेले ही ७० टक्क्यांची दारू पीत होते. त्यातून कुटुंबं उद्ध्वस्त झालीच. फरक एवढाच की हा गुन्हा अल्कोहोलचा होता, आणि फाशी एका झुडपाला झाली.

थुजोनचा हिशेब

त्या झुडपातल्या ज्या द्रव्यावर सगळा ठपका आला, त्याचं नाव थुजोन. आपल्या मेंदूत चेतापेशींना आवर घालणारं गाबा नावाचं रसायन काम करतं. थुजोन नेमकं त्याच्या कामात आडवं येतं, हे २००० साली प्रयोगांतून स्पष्ट झालं. आवर सुटला की चेतापेशी एकदम भडकतात आणि झटके येतात. म्हणजे मान्याँ यांच्या गिनीपिगला जे झालं ते खरंच थुजोनमुळे झालं. तेवढं त्यांचं बरोबर होतं. भास वगैरे मात्र थुजोन घडवत नाही, डोस कितीही वाढवला तरी झटकेच येतात.

आता पेल्याकडे वळू. बंदीपूर्व ॲब्सिंथमध्ये लिटरला २६० मिलिग्रॅमपर्यंत थुजोन असावं, असा कागदी अंदाज बरीच वर्षं पुस्तकांतून फिरत होता. २००८ मध्ये संशोधकांनी बंदीपूर्व काळातल्या १३ सीलबंद बाटल्या मिळवून उघडल्या आणि मोजणी केली. आकडे निघाले लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपासून ४८ मिलिग्रॅमपर्यंत, सरासरी २५ च्या आसपास. युरोपीय संघाची आजची मर्यादा किलोला ३५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पॅरिसचे कवी जी 'भयंकर' दारू पीत होते, तिच्यातल्या बऱ्याच बाटल्या आजच्या कायद्यात बिनबोभाट पास होतील.

साधा हिशेब करून बघा. सरासरी जुन्या ॲब्सिंथची लिटरची अख्खी बाटली कुणी एकट्याने संपवली, तर त्याच्या पोटात थुजोन जाईल २५ मिलिग्रॅम. त्याबरोबर शुद्ध अल्कोहोल जाईल सुमारे ७०० मिलिलिटर. एवढं अल्कोहोल एका बैठकीत माणसाचा जीव घेऊ शकतं. थुजोनला आपला प्रताप दाखवायची संधी मिळण्याआधीच माणूस आडवा झालेला असेल. चित्रकार व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला तो ॲब्सिंथमुळे, हे विधानही याच हिशेबात तपासून पाहावं.

हातभट्टीची नव्वद-पंचाण्णव वर्षं

बंदी आली तरी व्हाल-द-त्राव्हेरच्या लोकांनी ती फारशी मनाला लावून घेतली नाही. घराच्या तळघरात, न्हाणीघरात, कपाटामागे छोटी भट्टी लावून ॲब्सिंथ निघतच राहिलं. हिरवा रंग मात्र गेला. हिरवी बाटली पोलिसांच्या लगेच डोळ्यात भरते, आणि रंगासाठी लागणारी दुसऱ्यांदा भिजवण्याची उस्तवार चोरून करणाऱ्याला कशाला हवी? म्हणून तिथली हातभट्टीची ॲब्सिंथ रंगहीन, आणि लाडाचं नाव 'ब्ल्यू', म्हणजे निळी. पाणी घातल्यावर तिच्यात निळसर झाक दिसते. बंदीच्या सोयीतून निघालेला हा प्रकार आज त्या खोऱ्याची खासियत म्हणून मिरवतो, आणि माझ्या मते चवीला तो हिरवीपेक्षा सरस आहे. पानांचा तुरटपणा नसल्याने अर्कातला सुगंध स्वच्छ लागतो.

१९८३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्राँस्वा मितराँ स्वित्झर्लंडच्या दौऱ्यावर असताना नशातेलमधल्या मेजवानीत त्यांना गोड पदार्थ वाढला गेला तो ॲब्सिंथ घातलेला. राज्यघटनेने बंदी घातलेली दारू, सरकारी मेजवानीत, परदेशी पाहुण्याच्या ताटात! चौकशी झाली, बिचाऱ्या आचाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. खोऱ्यातल्या लोकांना मात्र हसू आवरेना.

स्वित्झर्लंडने अखेर १ मार्च २००५ पासून बंदी उठवली. अमेरिकेने २००७ मध्ये, थुजोन जवळपास शून्य असण्याच्या अटीवर वाट मोकळी केली. फ्रान्समध्ये १९८८ पासून आडनाव बदलून, म्हणजे लेबलवर नुसतं ॲब्सिंथ न लिहिता 'ॲब्सिंथच्या झाडापासूनची दारू' असं लिहून ती विकता येत होती. १९१५ चा कायदा कागदोपत्री रद्द व्हायला २०११ उजाडलं. ब्रिटनने मुळात बंदी घातलीच नव्हती. व्हाल-द-त्राव्हेरमधल्या मोतिए गावात आज ॲब्सिंथचं संग्रहालय आहे, ते त्याच इमारतीत जिथे पूर्वी चोरून भट्टी लावणाऱ्यांवर खटले चालत.

आणि पेर्नोचं काय झालं? बंदीनंतर त्या नावाने आर्टेमिसिया वगळून नुसती ॲनिसची दारू विकायला सुरुवात केली. १९३२ मध्ये मार्सेयच्या पॉल रिकार यांनी त्याच धर्तीवर ज्येष्ठमध घातलेली पास्तिस बाजारात आणली. १९७५ मध्ये हे दोन स्पर्धक एक झाले आणि पेर्नो रिकार ही कंपनी तयार झाली. आपल्याकडच्या कुठल्याही वाइन शॉपच्या फळीवर रॉयल स्टॅग किंवा ब्लेंडर्स प्राइडची बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचलीत, तर हेच नाव दिसेल.  मेजर द्युबिएंच्या जावयाचं आडनाव असं फिरत फिरत आपल्या गावापर्यंत आलेलं आहे.

बाटली हातात घेतलीत तर

विमानतळावर किंवा परदेशात कधी ॲब्सिंथ विकत घ्यायची वेळ आली, तर लेबलवर थुजोनचा आकडा ठळक छापलेली बाटली पहिल्यांदा बाजूला ठेवा. तो आकडा भोळ्या गिऱ्हाइकासाठी असतो. रंगासाठी काय वापरलंय ते वाचा. कृत्रिम रंगाचं नाव असेल आणि दारू माउथवॉशसारखी चकचकीत हिरवी दिसत असेल, तर ती बहुधा तेल ढवळून केलेली आहे. पानांचा रंग फिका, जरा पिवळसर हिरवा असतो, आणि उजेडात ठेवला की टिकत नाही, हळूहळू सुकलेल्या पानासारखा तपकिरी होतो. जुन्या बाटलीचा असा रंग पाहून माल खराब झाला समजू नका, फ्रेंच शौकीन तसल्या बाटलीला दोन पैसे जास्त मोजतात. पाणी थंडगार घ्या आणि सावकाश सोडा. चांगली हिरवी ॲब्सिंथ असेल तर साखर घालून पाहा, ब्ल्यू असेल तर आधी बिनसाखरेची चाखा. आणि पाणी घालून पेला पांढरा झालाच नाही, तर दुकानदाराने तुम्हाला ॲनिसच्या पैशात नुसतं हिरवं अल्कोहोल विकलं आहे.